एका दिवसाची वाइन सहल

पुण्याचा भाचा म्हणतो, "मामा, रविवारी वायनऱ्या दाखवा." बेत आखलाय : सकाळी विंचूर, दुपारी दिंडोरी, सांजच्याला गंगापूर धरण.

विंचूर आधी का? आपल्याकडं द्राक्ष म्हणजे खायचं, थॉमसन नाहीतर सोनाका. २००० साली धरणाजवळच्या सुलाची पहिली वाइन आली. २००१ ला सरकारनं वाइन धोरण आणलं, उत्पादन शुल्क माफ केलं, विंचूरला वाइन पार्क केला. मग शिराझ, शेनिन ब्लांक ही नावं बांधावर ऐकू यायला लागली. मीही एकरभर लावली.

२००८-०९ ला मंदी आली. करार असूनही एका वायनरीनं माझा माल उचलला नाही. ही द्राक्षं बारीक, बियांची. खायला बाजारात कोण घेणार? घड वेलीवरच सुकले. पुढच्या साली बाग तोडली.

भाचा संध्याकाळी धरणावर फोटो काढेलच. त्याआधी माझा तो रिकामा एकर दाखवणार. मग खुशाल चव घे म्हणावं. फक्त गाडी चालवणाऱ्यानं घोटसुद्धा घ्यायचा नाही.

तुमच्यापैकी कुणी वाइनची बाग तोडली होती का? लिहा.