नवकवितेची वाट अकलूजवरून जाते

आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी सराटीला येते. पादुकांना नीरास्नान घडतं आणि पालखी नदी ओलांडून अकलूजला, सोलापूर जिल्ह्यात शिरते. अकलूजला गोल रिंगण होतं. झेंडेकरी, डोईवर तुळस घेतलेल्या बाया, विणेकरी, पखवाजवाले धावतात, मग अश्व सुटतात. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये हा पालखी सोहळा सुरू केला. मराठी नवकवितेचं मूळ शोधायचं, तर लंडनइतकंच या वाटेकडे पाहायला हवं.

मागं वळून नवं होण्याची रीत इथे जुनीच आहे. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी झाली. नामदेव, जनाबाई, चोखोबा यांनी दळणाकांडणाच्या बोलीला कवितेत मान दिला. पुढे एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नामदेवांनी स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली, असं तुकोबा स्वतःच सांगतात. एकोणिसाव्या शतकात प्रबोधनाच्या लाटेत पुन्हा संतांचा शोध सुरू झाला. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्या ताडून १८६९ पासून तुकोबांची गाथा मुंबईत दोन भागांत छापली गेली. वारकऱ्यांच्या कंठात होतं ते आता शहरातल्या वाचकाच्या हाती आलं.

मराठी नवकवितेचे प्रवर्तक मर्ढेकर हे असेच एक शहरातले वाचक. ते इंग्लंडात शिकून आले होते. तिकडे कवी एलियटनं १९२१ मध्ये डनसारख्या सतराव्या शतकातल्या इंग्रजी कवींची बाजू घेतली होती. मर्ढेकरांसाठी सतराव्या शतकातला कवी घरातच होता: तुकोबा. ‘काही कविता’ (१९४७) मध्ये त्यांनी यंत्रयुगातल्या माणसाची घुसमट मांडली आणि त्यासाठी अभंग-ओवीचे छंद जवळ केले. मोठ्या अभंगाचे तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा फक्त चार. दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळतं आणि आखूड चौथा चरण बोलणं तिथंच तोडतो. कबुली द्यायला, देवाशी भांडायला, स्वतःला झापायला असा घाट दुसरा नाही. देवावरचा विश्वास डळमळला, तरी भांडणाची ती भाषा कामी आली.

पुढच्या पिढीनं ही वाट रुंद केली. अरुण कोलटकर पखवाज शिकले. जनाबाई, मुक्ताबाई, तुकाराम त्यांनी इंग्रजीत नेले. दिलीप चित्रे यांनी ‘पुन्हा तुकाराम’ लिहिलं आणि १९९१ मध्ये ‘सेज तुका’ हा अनुवाद दिला. या कवींनी संतांना देव्हाऱ्यात बसवलं नाही. रोखठोक बोलणारे, आपल्याच काळातले कवी म्हणून वाचलं.

म्हणून मर्ढेकरांना केवळ परंपरा मोडणारा कवी म्हणून शिकवणं अपुरं आहे. वर्गात त्यांच्या कवितेशेजारी गाथा उघडावी आणि दोन्ही मोठ्यानं म्हणावं. कुठे धागा तुटला आणि कुठे घट्ट झाला, हे मुलांना कानांनीच कळेल.