केवलादेव घना : चराईबंदी
राजस्थानातील भरतपूरजवळचे सुमारे २९ चौ. किमी.चे पाणथळ पक्षिक्षेत्र. मुळात ही उथळ, सखल जमीन. अठराव्या शतकात बांधलेल्या अजान बांधाचे पाणी खेळवून ती संस्थानिकांचे शिकारक्षेत्र बनली. १९८० च्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय उद्यान होताच गुरांच्या चराईवर बंदी आली. १९८२ मध्ये विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही जण मृत्युमुखी पडले. चराईने पाणथळ उजाड होते, असे पक्षितज्ज्ञ सालिम अलींसह अनेकांचे मत होते. प्रत्यक्षात म्हशींचे चरणे थांबले आणि पास्पॅलम हे गवत माजले. उघडे पाणी आक्रसले, पाणपक्ष्यांचे खाद्य व वावर घटला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासानेच म्हशींचे चरणे येथे उपकारक असल्याचा निष्कर्ष काढला. पुढे गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची मुभा मिळाली. पण पाण्यात शिरून चरणाऱ्या म्हशीचे काम विळ्याने पुरते साधत नाही. माणसानेच घडवलेल्या अधिवासाला ‘जसे आहे तसे सोडा’ हा नियम सरसकट लावणे चूकच होते, आणि त्याची सर्वांत जड किंमत गावकऱ्यांनी मोजली.