अधिकृत अभंग कोणता? नामदेव, नांदेड आणि आजीची वही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं जातं त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा विषय माझ्याच एका चुकीतून निघालाय. मी वसमतचा. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. मागच्या आषाढीला घरी गेलो तर आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळानं एक काम गळ्यात घातलं. "तू कॉम्प्युटरवाला ना, मग आमच्या अभंगांचं ॲप करून दे." मंडळातल्या बऱ्याच जणांना आता गाथेतलं बारीक अक्षर दिसत नाही. मोबाइलवर अक्षर मोठं करता येतं, एवढीच त्यांची अपेक्षा.

मी हौसेनं तक्ता आखला. अभंग, संत, चाल, विषय. आणि सवयीनं शेवटी एक रकाना टाकला: 'अधिकृत'. उत्तर फक्त होय किंवा नाही. दोनशे-अडीचशे अभंग भरेपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग आईनं आजीची वही आणून दिली.

आजी गेली त्याला तीन वर्षं झाली. शाळेत दुसरीपर्यंत गेलेली बाई, पण वही नेटकी. त्यात एक अभंग आहे, शेवटच्या चरणात नामदेवांची मुद्रा आहे. आशय असा की कढईत हळद शिजते तेव्हा रंग आतपर्यंत जातो, तसं नाम आत मुरलं पाहिजे. आमच्याकडे हळदीचा हंगाम म्हणजे काय असतं ते वसमतकरांना सांगायला नको. आजी हा अभंग दर एकादशीला म्हणायची. मी छापील गाथेत शोधला. नाही सापडला.

मंडळाचे बुवा म्हणाले, "काढून टाक. शासकीय गाथेत नाही म्हणजे महाराजांचा नाही. उद्या कुणीही उठून अभंग लिहील अन् खाली नामा लिहील." आई काही बोलली नाही, पण वही उचलून आत घेऊन गेली. आणि मी त्या होय-नाहीच्या चौकोनासमोर बसून राहिलो. अधिकृत म्हणजे नेमकं काय? आणि ते ठरवतं कोण?

बुवांचा 'शासकीय' हा शब्दच आधी बघा. तुकोबांची गाथा आज आपण ज्या रूपात वाचतो, तिच्या मागे मुंबईचं इंग्रज सरकार आहे. सरकारी अनुदानातून विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी पोथ्या जमवल्या, ताडून बघितल्या, आणि इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ मध्ये दोन खंड निघाले. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये मुंबई सरकारनं गाथा काढली. ४,६०७ अभंगांचा आकडा आपल्या तोंडी आहे तो त्या गाथेचा. नामदेवांची शासकीय गाथा १९७० ची, त्यांच्या सातशेव्या जयंतीच्या सुमारास आलेली. म्हणजे वारकरी माणूस ज्याला 'अधिकृत' म्हणतो त्यावर शिक्का सरकारचा आहे. पंढरपुरात बसून कुठल्या धर्मपीठानं यादी मंजूर केली, असं कधी झालं नाही. तसं पीठच वारकऱ्यांत नाही. फड आहेत, दिंड्या आहेत, मठ आहेत. प्रत्येकाची आपली परंपरा.

नामदेवांच्या बाबतीत तर गुंता आणखी मोठा. परंपरेनं त्यांचा काळ १२७० ते १३५०. त्यांच्यानंतर सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे कवी झाले, मराठीत महाभारत लिहिणारे. आता नामदेवही स्वतःला विष्णुदास म्हणवतात. दोघांची मुद्रा एकमेकांत मिसळली. शिवाय 'नामा' ही मुद्रा घेऊन कीर्तनकारांनी पिढ्यान्‌पिढ्या रचना केल्या. त्यांना ती फसवणूक वाटत नव्हती. नामदेवांच्या नावानं गायचं म्हणजे नामदेवांच्या परंपरेत उभं राहायचं. ख्रिश्चन नोव्हेट्झके या अमेरिकन अभ्यासकानं २००८ मध्ये नामदेवांवर पुस्तक लिहिलं, त्यात त्यानं हाच धागा धरलाय: इथं कर्ता एकटा नसतो, नावाभोवती जमलेली माणसंही कर्ती असतात.

मग आपल्याकडे कुणी कधी दार बंद केलंच नाही का? केलं ना. पैठणला. ज्ञानेश्वरी १२९० ची. पुढं तीनशे वर्षांत नकला करता करता तिच्यात पाठभेद शिरले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, प्रती ताडून शुद्ध पाठ तयार केला. आणि शेवटी ताकीद दिली: यात कुणी स्वतःची ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखं होईल. आमच्या भाषेत सांगायचं तर नाथांनी कोड फ्रीझ केला. यापुढं बदल बंद.

यानंतर बरोबर वीस वर्षांनी, १६०४ मध्ये, तिकडं अमृतसरला गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला. लेखनिक भाई गुरदास. गुरूंच्या बाणीबरोबर त्यात कबीर आहेत, रविदास आहेत, आणि आपले नामदेव आहेत. नामदेवांचे ६१ शबद. शेवटी 'मुंदावणी' आहे, म्हणजे शिक्का. पुढं गुरू तेगबहादूरांची बाणी त्यात आली, आणि १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला, गोदावरीच्या काठी, देह ठेवण्याआधी सांगितलं की आता देहधारी गुरू नाही, ग्रंथच गुरू. तिथून पुढं एक अक्षर वाढवायचं नाही की कमी करायचं नाही. आज छापील बीडेत १,४३० पानं असतात. पान म्हणत नाहीत, अंग म्हणतात.

गंमत बघा. नरसी नामदेव हे गाव आमच्या हिंगोली जिल्ह्यातलं. नामदेवांचा जन्म नरसीचा की पंढरपूरचा यावर वाद आहे, पण आमच्याकडे हा प्रश्न कुणी विचारत नाही. देऊळ फिरल्याची कथा आम्ही औंढा नागनाथची म्हणून सांगतो, आणि देऊळ फिरल्याचा प्रसंग गुरू ग्रंथसाहिबातल्या नामदेवांच्या शबदातही आहे. पंजाबात घुमानला त्यांचं स्थान आहे, २०१५ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथंच भरलं होतं. म्हणजे एकच संत, दोन परंपरांत. एका ठिकाणी यादी बंद आहे, ६१ वर. दुसऱ्या ठिकाणी दोन हजारांच्या पुढं, आणि आमच्या आजीच्या वहीपर्यंत दार उघडं.

मला वाटलं, चला, उत्तर सापडलं. यादी बंद करणारे शहाणे, आपण ढिले. बुवा बरोबर. पण नांदेडला वसमतहून तासाभरात जाता येतं, म्हणून एका रविवारी गेलो. आणि तिथं माझा हिशोब पुन्हा चुकला.

हजूरसाहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. तिथं गुरू ग्रंथसाहिबाबरोबर दसम ग्रंथाचाही प्रकाश होतो, म्हणजे तोही ग्रंथ उघडून मानानं ठेवला जातो. दसम ग्रंथ गुरू गोविंदसिंगांच्या नावाचा, पण त्यातल्या सगळ्याच रचना त्यांच्या स्वतःच्या की काही त्यांच्या दरबारातल्या कवींच्या, यावर शिखांमध्ये जुना वाद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या वेगवेगळ्या प्रती ताडून पाठ ठरवायला समिती बसली होती. त्यातला जापसाहिब रोजच्या पाठात आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याला गुरू ग्रंथाशेजारी बसवण्याबद्दल. पंजाबात शिरोमणी समितीच्या नियमांखालच्या गुरुद्वारांत तसं करत नाहीत. त्या समितीची रहत मर्यादा, म्हणजे आचारसंहिता, १९४५ मध्ये पक्की झाली. त्यात दिवे ओवाळून आरती करायला मनाई आहे. हजूरसाहिबात संध्याकाळी दिव्यांनी आरती होते. इथल्या शिखांना विचारा, ते शांतपणे सांगतात: ही हजुरी मर्यादा आहे, जुनी आहे. आणि या गुरुद्वाराचा कारभारही अमृतसरच्या समितीकडे नाही. त्याला स्वतःचा कायदा आहे, १९५६ चा, हैदराबाद राज्याच्या काळातला.

२००८ मध्ये अकाल तख्तानं या वादावर ठराव केला. त्याचा मथितार्थ असा की दसम ग्रंथ पंथाच्या साहित्याचा आणि इतिहासाचा अविभाज्य भाग आहे, पण गुरू ग्रंथसाहिबाच्या बरोबरीचा नाही. इथं मी थबकलो. कारण हे उत्तर होय पण नाही आणि नाही पण नाही. 'हे आमचं आहे' आणि 'आम्ही यानं बांधलेलो आहोत', ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि मी तक्त्यात दोन्हींना एकच रकाना दिला होता.

याहून बारीक गोष्ट सांगतो. गुरू ग्रंथसाहिबात मुंदावणीनंतर रागमाला येते. ती गुरूंची बाणी आहे की नाही, यावर मतभेद आहेत. रहत मर्यादेनं काय केलं? पाठाची समाप्ती मुंदावणीवर करायची की रागमालेवर, हे त्या त्या ठिकाणच्या रीतीवर सोडलं. मात्र रागमालेशिवाय बीड लिहायची किंवा छापायची नाही, असंही बजावलं. म्हणजे जगातल्या इतक्या काटेकोर जपलेल्या ग्रंथाच्या शेवटच्या पानावरही स्थानिक रीतीला जागा ठेवली.

आता अगदी दुसऱ्या टोकाचं उदाहरण. अमेरिकेतलं मॉर्मन चर्च. त्यांचं शास्त्र मुद्दाम उघडं ठेवलेलं आहे, कारण चर्चचा अध्यक्ष हा जिवंत प्रेषित, देव आजही बोलतो अशी श्रद्धा. पण उघडं म्हणजे वाऱ्यावर नाही. १८९० मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी बहुपत्नीत्व थांबवण्याचं जाहीर केलं, ते पुढं शास्त्रग्रंथात छापलं गेलं. कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य देत नव्हते. तो नियम जून १९७८ मध्ये उठला, आणि सप्टेंबरच्या अधिवेशनात सभासदांनी हात वर करून तो निर्णय स्वीकारला. उलटही झालंय: १८३५ पासून शास्त्रग्रंथात असलेली श्रद्धेवरची व्याख्यानं १९२१ मध्ये काढून टाकली. आणि तरीही एखाद्या जुन्या नेत्याचं व्यासपीठावरचं भाषण सिद्धान्त मानायचं की त्याचं वैयक्तिक मत, यावर त्यांच्यात अजून वाद चालतातच. दारावर पहारेकरी असला तरी वाद संपत नाही.

हे सगळं वाचून, बघून मला जे कळलं ते एवढंच. अधिकृत म्हणजे खरं असं नाही, आणि जुनं असंही नाही. आदिग्रंथ नामदेवांनंतर अडीचशे वर्षांनी सिद्ध झाला. त्यातले ६१ शबद नामदेवांच्या तोंडचे तस्सेच आहेत का, हे यादी बंद केल्यानं सिद्ध होत नाही. यादी बंद केल्यानं इतकंच ठरतं की हे आम्ही जपू, यासाठी आम्ही उत्तर देऊ, आणि वाद झाला तर याच्यापाशी येऊन थांबू. ते फार मोठं काम आहे. नाथांनी ते केलं नसतं तर ज्ञानेश्वरी आज कुठल्या रूपात असती कोण जाणे. बुवांची भीती खोटी नाही. व्हॉट्सॲपवर तुकोबांच्या नावानं काय काय फिरतं ते तुम्हीही बघता, आणि कधीकधी ते संतांच्या तोंडी द्वेष घालण्यापर्यंत जातं. तिथं 'गाथेत दाखव' एवढे दोन शब्द ढालीसारखे कामाला येतात.

पण त्याच ढालीनं आजीला मारायचं का? ती कुणाला बांधायला निघाली नव्हती. ती एकादशीला गात होती.

मी परत बुवांकडे गेलो. म्हटलं, बुवा, अभंग काढत नाही आणि गाथेतही घुसवत नाही. 'अधिकृत' हा रकाना उडवतो. त्याजागी 'कुठून आला' असा रकाना करतो. शासकीय गाथा, अमुक क्रमांक. गुरू ग्रंथसाहिब, अमुक अंग. नाहीतर, आजीची वही, वसमत, गाथेत नाही. बुवांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, "गाथेत नाही, हे ठळक लिही. बारीक अक्षरात नको." म्हटलं, ठळक लिहितो.

आईला दाखवलं तेव्हा तिनं वही परत आणून दिली. आणि सांगितलं की आजीला हा अभंग तिच्या माहेरच्या एका बाईनं शिकवला होता, हळद शिजवताना. मी तेही त्या रकान्यात लिहिलं.

ॲप अजून अर्धंच आहे, बुवा रोज फोन करून विचारतात. तुमच्या घरी अशी एखादी वही असेल तर फेकू नका. त्यात कुणी काय लिहिलंय आणि कुणाकडून घेतलंय, एवढं घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून ठेवा. आम्हाला ते तीन वर्षं उशिरा सुचलं. भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी.