केडगाव, दुष्काळ आणि रमाबाई

२०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, कोपरला आमची आजी गेली. शेवटचं बघताही आलं नाही. लॅपटॉपवर एकीकडे ऑफिसचं काम, दुसरीकडे बेड शोधणारे मेसेज, आणि मध्येच कुणीतरी 'सगळं ठीक होईल' पाठवायचं. मला त्या वाक्याचा राग यायचा. तेव्हाच मी पंडिता रमाबाईंबद्दल वाचायला लागलो.

शाळेत आपण शिकतो ते संस्कृत पांडित्य आणि शारदा सदन, बस्स. पण १८७० च्या दशकात, तीर्थयात्रा करत पुराण सांगत फिरणाऱ्या या कुटुंबात आई, वडील आणि बहीण एकामागोमाग उपासमारीनं गेले. व्रतं, दानं, सगळं करून झालं होतं. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला आणि इकडे केवढं वादळ उठलं, ते तुम्हाला माहीत असेल.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःच्या उपासाच्या आठवणी जाग्या होत होत्या, तरी त्या तिथे गेल्या. सुमारे तीनशे मुली आणि विधवा घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, शहरात नव्या मुली ठेवायला सरकारची मनाई. मग पुणे-दौंड रेल्वेवरच्या केडगावला, त्यांनी घेऊन ठेवलेल्या जमिनीवर बिऱ्हाड थाटलं. तेच 'मुक्ती'. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. एवढ्या तोंडांना रोज जेवण! प्रार्थना होतीच, पण शेती, विणकाम, तेलघाणा, छापखानाही होता. त्यांचा देवावरचा भरवसा मला या कामांत दिसतो. उद्या आहे असं धरूनच कुणी पेरणी करतं ना.

आता टोचणारा प्रश्न. भुकेल्या मुलीला अन्नाबरोबर धर्म दिला, तर तिची निवड कितपत तिची? टीकाकार तेव्हाही हेच विचारत होते. मी ख्रिस्ती नाही, आणि हा प्रश्न मला फालतू वाटत नाही. पण ज्या बाईचं घर भुकेनं संपलं, तिला स्वतःला जिथे आधार मिळाला तो लपवून ठेव, असंही मला म्हणवत नाही.

१९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई बायबलचं साध्या मराठीतलं भाषांतर तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. ते बायबल छापलं मुक्तीच्याच छापखान्यात, खिळे जुळवले तिथल्याच बायकांनी.