नमुना नसतानाही डिटेक्टर का मोजतो? वैश्विक किरणांची 'पार्श्वभूमी' समजून घ्या

कारवारजवळच्या कैगा अणुऊर्जा केंद्राच्या परिसरातील पाणी, मासे, भाजीपाला यांचे नमुने किरणोत्सारासाठी तपासले जातात. अशा तपासणीत गॅमा किरण मोजणारा डिटेक्टर वापरतात. पण नमुना न ठेवताही हे यंत्र नोंदी करत राहतं. या नोंदींना पार्श्वभूमी म्हणतात. ती नीट वजा झाली नाही, तर चांगलं दूध दूषित ठरू शकतं किंवा खरा दोष निसटू शकतो.

या नोंदी येतात कुठून?

एक भाग जमिनीतून आणि भिंतींतून येतो. पोटॅशियम-40 चे गॅमा किरण 1.46 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे (एमईव्ही), तर थोरियमच्या साखळीतील थॅलियम-208 चे 2.61 एमईव्हीचे असतात. त्याहून जास्त ऊर्जेच्या नोंदी बहुतांशी वैश्विक किरणांच्या असतात.

हे किरण आकाशातून येतात, हे व्हिक्टर हेस यांनी 1912 मध्ये बलूनमधून सुमारे 5300 मीटर उंचीवर जाऊन दाखवलं. त्यासाठी त्यांना 1936 चं नोबेल मिळालं. अवकाशातून आलेले प्रोटॉन हवेतील अणूंवर आदळतात आणि त्यातून शेवटी म्यूऑन नावाचे कण तयार होतात. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्यूऑन पडतो.

शिसं पुरत नाही

डिटेक्टरभोवती साधारण 10 सेंटिमीटर जाड शिसं लावलं की खोलीतले गॅमा किरण बहुतेक अडतात. म्यूऑन मात्र आरपार जातो. जर्मेनियमच्या डिटेक्टरमध्ये तो दर सेंटिमीटरला सुमारे 7 एमईव्ही ऊर्जा सोडतो, म्हणून थेट गेलेला म्यूऑन सहसा मोजपट्टीच्या बाहेरच पडतो. खरा त्रास त्याच्यामुळे शिशात तयार होणाऱ्या इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉन आणि दुय्यम गॅमा किरणांचा. 0.511 एमईव्हीला दिसणारं टोक हा त्याचाच एक पुरावा. त्यामुळे शिसं नुसतं वाढवत नेऊन एका मर्यादेपुढे फायदा होत नाही.

मग करायचं काय?

पहिला उपाय म्हणजे वर पहारेकरी बसवणं. शिशाच्या पेटीवर चमकणाऱ्या प्लास्टिकचे पत्रे लावतात. म्यूऑन त्यातून गेला की संकेत मिळतो आणि त्याच क्षणी आतल्या डिटेक्टरमध्ये आलेली नोंद रद्द होते.

दुसरा उपाय जमिनीखाली जाण्याचा. कर्नाटकातील कोलार सोन्याच्या खाणीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी खोलीनुसार म्यूऑन मोजले. सर्वात खोल जागी दोन महिने थांबूनही एकही सापडला नाही. त्याच शांततेमुळे 1965 मध्ये तिथे वातावरणातील न्यूट्रिनोंची नोंद होऊ शकली.

एवढी धडपड का?

समजा, रिकामा डिटेक्टर तासाला 1000 नोंदी देतो आणि नमुना ठेवल्यावर 1040 येतात. या जादा 40 वरून काहीच सिद्ध होत नाही, कारण दोन्ही मोजण्यांचा मिळून नैसर्गिक चढउतारच साधारण 45 चा असतो. पार्श्वभूमी 10 वर आणली, की 10 च्या जागी 50 झालेल्या नोंदी लगेच डोळ्यांत भरतात.

म्हणून किरणोत्साराचा अहवाल हातात आला, की नमुन्याच्या आकड्याबरोबर दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: रिकाम्या डिटेक्टरची मोजणी किती होती आणि ती किती वेळ केली होती?