पेला आणि चषक

संघापाठोपाठ परदेशी जाणारा, सामन्यापूर्वी तेथील पबमध्ये बिअर रिचवणारा इंग्रज फुटबॉलशौकीन पाहिला की आम्ही गोदाकाठची मंडळी नाक मुरडतो. परंतु इतिहास काय सांगतो? २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या ‘फ्रीमेसन्स टॅव्हर्न’ या मद्यगृहातच फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तेव्हा पेला हा या खेळाला मागाहून जडलेला रोग नव्हे.

मग पेल्यावाचून हा शौक जगेल काय? उत्तर आमच्या मुंबईनेच दिले आहे. तेथे १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स चषक आरंभी गोऱ्या पलटणी जिंकत. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या देशी संघाने तो प्रथम नेला. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. पेला गेला, चषक मात्र राहिला! १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी तो जिंकला.

कुस्त्यांसाठी दूरच्या गावची जत्रा गाठणारा आमचा शेतकरी तरी एकटा कुठे जातो? बैलगाडीतल्या गप्पा, शिदोरी, परतताना रंगलेला वाद, हे सारे त्याला फडाइतकेच प्रिय. आम्हांस वाटते, पेला हे निमित्त. खरा कैफ सोबतीचा. दोष द्यायचाच तर तो अतिरेकाला द्यावा, त्या आनंदाला नव्हे.