टाळावयाचे बंदर : 'पेरिप्लस'मधील कल्याण

कल्याण परिसराच्या इतिहासावरची कोणतीही स्मरणिका वा पुस्तिका उघडली, की पहिल्या दोन-तीन परिच्छेदांत एक वाक्य बहुधा भेटतेच : 'पेरिप्लस या प्राचीन ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आढळतो.' वाक्य खरे आहे. गावाच्या प्राचीनतेचा तो सबळ पुरावाही आहे. मात्र तो उल्लेख नेमके काय सांगतो, हे त्यापुढे क्वचितच येते. शहाड, आंबिवली, टिटवाळा या पट्ट्यातून आमच्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ग्रंथाचे नाव ठाऊक असते. त्यातील मजकूर ठाऊक नसतो. प्रस्तुत लेखात तो मजकूर संपूर्ण वाचण्याचा आमचा प्रयत्न आहे. त्यासाठी मुळात हा ग्रंथ कोणत्या जातीचा आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

'पेरिप्लस' म्हणजे किनाऱ्या-किनाऱ्याने केलेला जलप्रवास, आणि त्यावरून अशा प्रवासाची माहिती देणारी वही. 'एरिथ्रियन' समुद्र म्हणजे तांबडा समुद्र खरा, परंतु ग्रीकांच्या लेखी त्या नावात अरबी समुद्र आणि त्यापलीकडचे पाणीही येत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक भाषा लिहिणाऱ्या कोणा व्यापाऱ्याने ही ६६ लहान प्रकरणांची वही रचली. त्याचे नाव ग्रंथात नाही. आज जिच्यावर विसंबावे लागते ती दहाव्या शतकातील हस्तलिखित प्रत हायडेलबर्ग येथे आहे. १५३३ साली बाझल येथे हा ग्रंथ प्रथम छापला गेला. मॅक्रिंडल (१८७९), शॉफ (१९१२) आणि लायनेल कॅसन (१९८९) यांची इंग्रजी भाषांतरे आपल्याकडील अभ्यासकांच्या परिचयाची आहेत.

प्रवासवर्णन म्हणून हा ग्रंथ हाती घेणाऱ्या वाचकाची निराशा होते. त्यात प्रवासी नाही, प्रसंग नाहीत, भावना नाहीत. आहे ते पुढच्या प्रवासाचे नियोजन : कोणत्या महिन्यात निघावे, कोणत्या बंदरात काय खपते, तेथून काय उचलावे, नांगर कोठे टाकावा आणि कोठे टाकू नये. लेखक स्वतःला जवळजवळ पूर्णपणे लपवतो. अरबस्तानच्या धोकादायक किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रातून गलबत हाकण्याविषयी सांगताना मात्र तो 'आम्ही' म्हणतो. धुपाच्या झाडांचे वर्णन करताना 'आमच्या इजिप्तमधील' झाडांची आठवण काढतो. एवढ्या दोन-तीन जागांवरूनच हा माणूस ऐकीव माहिती लिहीत नसून स्वतः समुद्रावर गेलेला आहे, हे कळते.

या नियोजनाचा कणा म्हणजे ऋतू. हिंदुस्थानकडे जाणाऱ्यांनी जुलैच्या सुमारास, इजिप्ती पंचांगातील 'एपेइफ' महिन्यात निघावे, असे तो पुन्हा पुन्हा बजावतो. ही वाट कठीण आहे, पण वारा अनुकूल असल्याने अंतर लवकर कापले जाते, हेही तो लपवत नाही. थोरल्या प्लिनीच्या ग्रंथात याच प्रवासाचा हिशेब मिळतो : तांबड्या समुद्रावरील बेरेनिकेहून उन्हाळ्याच्या मध्यास निघून ३० दिवसांत अरबस्तानच्या टोकाशी, आणि तेथून ४० दिवसांत मलबारातील मुझिरिसला. परतीचा प्रवास डिसेंबरात, फार तर जानेवारीच्या मध्यापूर्वी, उलट फिरलेल्या वाऱ्यावर. म्हणजे जुलैत निघालेले गलबत आपल्या किनाऱ्याला लागते ते साधारण सप्टेंबरात, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा जोर ओसरल्यावर.

या हिशेबाशेजारी आपल्या किनाऱ्याचे पंचांग ठेवून पाहावे. आषाढात होड्या ओढून किनाऱ्यावर घ्यायच्या, शाकारून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला सागराला नारळ वाहिल्यावर पुन्हा पाण्यात लोटायच्या, हा कोळी समाजाचा परंपरागत क्रम. आपल्या लोकांनी समुद्र बंद मानला त्याच दिवसांत परका नाखवा घर सोडतो आणि आपल्याकडे समुद्र उघडल्यावर येऊन पोहोचतो. वारा एकच, परंतु एका बाजूला तो बंदीचा असतो आणि दुसऱ्या बाजूला निघण्याचा. हिप्पालस नावाच्या सुकाणूने भर समुद्रातून जाण्याची वाट शोधली, असे 'पेरिप्लस' सांगतो. इकडच्या आणि अरबी खलाशांना हा वारा त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक असला पाहिजे, याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले आहेच.

आता किनारा. लेखकाचे मुख्य ठिकाण बॅरिगाझा, म्हणजे भडोच. नर्मदेच्या मुखाशी शिरणे किती अवघड आहे, यावर त्याने अनेक प्रकरणे खर्च केली आहेत. भरती-ओहोटीचा वेग, अरुंद खाडी, पाण्याखालची उथळ जागा, सारे त्यात येते. येथे एक लक्षणीय तपशील मिळतो. राजाच्या चाकरीत असलेले स्थानिक कोळी 'त्रप्पगा' आणि 'कोटिंबा' नावाच्या लांब होड्यांतून सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे येतात आणि परकी गलबते ओढून सुरक्षित नेतात. ही दोन्ही नावे 'अंगविज्जा' या जैन प्राकृत ग्रंथातील नौकांच्या यादीत किंचित वेगळ्या रूपात सापडतात, हे डॉ. मोतीचंद्र यांनी 'सार्थवाह' (१९५३) या हिंदी ग्रंथात दाखवले. ग्रीक लेखकाने आपल्या माणसांची नावे टिपली नाहीत, त्यांच्या होड्यांची मात्र टिपली. नियोजनाच्या वहीत माणसाचे स्थान किती, हे यावरून कळावे.

भडोचहून २० दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस १० दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, ही दक्षिणेतील मोठी व्यापारी नगरे तो नोंदवतो. त्यानंतर ५२ व्या प्रकरणात आपला विषय येतो. भडोचच्या दक्षिणेकडील स्थानिक बंदरांची नावे ओळीने येतात : अकाबरू, सुप्पारा म्हणजे सोपारा, आणि कल्लियेना हे नगर. कल्लियेनाविषयी सांगितलेली गोष्ट थोडक्यात अशी. थोरल्या सारागनोसच्या काळात येथे रीतसर, नियमानुसार व्यापार चाले. पुढे ते सांडानेस याच्या ताब्यात गेल्यावर व्यापारात मोठा अडथळा आला. आता एखादे ग्रीक गलबत चुकून या भागात शिरले, तर त्यावर पहारा बसवून ते भडोचला नेले जाते.

स्मरणिकांतून येणारा 'उल्लेख' तो हाच. गावाची कीर्ती सांगण्याचा त्याचा हेतूच नाही. तो सावधगिरीचा इशारा आहे. ज्या वहीत कोठे जावे हे सांगायचे, तीत कोठे जाऊ नये हेही सांगणे आले, आणि कल्याणची नोंद या दुसऱ्या रकान्यात पडली आहे. या ग्रंथातले कल्याण हे बंद झालेले, टाळावयाचे बंदर आहे.

बंदर कोणी बंद केले, यावर एकमत नाही. 'सारागनोस' हे सातकर्णी या नावाचे ग्रीक रूप असावे, हे बहुतेकांना मान्य आहे. भडोचच्या राजाचे ग्रंथातील नाव नहपानाशी जुळवले जाते. सांडानेस मात्र काहींच्या मते सातवाहन कुळातला, तर काहींच्या मते क्षत्रपांच्या बाजूचा. जप्त गलबते भडोचला नेली जातात, यावरून बंदीचा लाभ भडोचला होत होता, एवढे निश्चित दिसते. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातील संघर्षाचा दुसरा पुरावा नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडला : नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी, त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. ग्रीक व्यापाऱ्याने ज्याला 'अडथळा' म्हटले, त्यामागे एवढे मोठे राजकारण होते.

कल्याण अडवून काय साधत होते, हे समजण्यासाठी नकाशा पाहावा लागतो. कल्याण उघड्या समुद्रावर नाही. ते उल्हास नदीच्या खाडीवर, आत वसलेले आहे. त्याच्या वरच्या अंगाला, आंबिवलीच्या परिसरात उल्हासला मिळणारी काळू नदी माळशेजच्या बाजूच्या सह्याद्रीतून येते. तिच्याच खोऱ्याच्या बाजूने मुरबाडवरून नाणेघाटाची वाट चढते आणि जुन्नरमार्गे पैठणकडे जाते. नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेशी निगडित मोठा लेख आहे, आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण परंपरेने जकातीचा मानला जातो. कल्याण बंद म्हणजे हा घाट परक्या मालाला बंद. मग पैठणचा माल भडोचच्या लांबच्या वाटेनेच समुद्र गाठणार.

आत असलेल्या बंदराचे हे दुखणे पुढेही टिकले. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यानंतर येथे मराठ्यांची गलबते बांधली जाऊ लागली. तेव्हा ती समुद्रात जाणार कोठून, हा प्रश्न उभा राहिला, कारण खाडीचे वसईकडील मुख पोर्तुगीजांच्या हाती होते. सोळाशे वर्षांच्या अंतराने भाषा बदलली, धर्म बदलले, सत्ता बदलल्या. मुखावर बसलेला तो आतल्या बंदराचा धनी, हा नियम तसाच राहिला.

मग 'पेरिप्लस'च्या काळात कल्याण ओस पडले होते का? तसे मुळीच नाही, आणि हे सांगणारा दुसरा मजकूर आपल्या अगदी जवळ आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील सातवाहनकालीन ब्राह्मी लेखांत कल्याणच्या रहिवाशांची दाने नोंदलेली आहेत. त्यांत व्यापारी आहेत, सोनार आहे, लोहार आहे. कोणी पाण्याचे टाके खोदवले, कोणी राहण्याचे लेणे दिले. दाता प्राकृतात आपले नाव, आपला धंदा, आपले गाव सांगतो आणि थांबतो. ग्रीक गलबते, सांडानेस, पहारा यांपैकी कशाचीही त्याला दखल घ्यावीशी वाटलेली नाही. सहाव्या शतकातील कॉस्मस या ख्रिस्ती लेखकाच्या ग्रंथात 'कल्लियाना' पुन्हा मोठे व्यापारी बंदर म्हणून येते. तेव्हा बंदी ही एका काळाची, एका बाजूची हकीकत ठरते.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे दोन मजकुरांचा सामना दिसावा. एकात गाव आहे, पण माणसे नाहीत. दुसऱ्यात माणसे आहेत, पण समुद्र जवळजवळ नाही. पहिला परक्याने परक्यांसाठी लिहिला : पुढच्या जुलैत निघणाऱ्या नाखव्याचे गलबत आणि भांडवल वाचावे म्हणून. दुसरा आपल्या माणसांनी पुण्यासाठी कोरवला : दगड टिकेल तोवर नाव टिकावे म्हणून. गावाचा इतिहास यांपैकी एकावर लिहिता येत नाही.

यात आमचा आग्रह काय, तो स्पष्ट सांगितला पाहिजे. 'पेरिप्लसमध्ये आमच्या गावाचे नाव आहे' एवढेच सांगितल्याने आपण त्या ग्रंथाला प्रमाणपत्र बनवतो. प्रमाणपत्रावरचे नाव पाहिले, की खालचा मजकूर वाचण्याची गरज उरत नाही. संपूर्ण नोंद वाचली तर अभिमानाला थोडी झळ लागते, परंतु बदल्यात खाडीचा भूगोल, घाटांची वाट, दोन राजकुळांचे भांडण, कोळ्यांच्या होड्या आणि लोहाराने दिलेले दान असे बरेच काही हाती येते. कोणी आपल्याला टाळण्याजोगे ठरवले, ही गोष्टही आपल्या इतिहासाचाच भाग असते. वर्गात हा उतारा शिकवताना म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारतो : ही नोंद कोणाला उद्देशून लिहिली आहे? उत्तर शोधताना ती आपल्यासाठी नव्हतीच, हे त्यांच्या ध्यानात येते. आणि मग आपल्याकडच्या कोणी आपल्यासाठी काय लिहून ठेवले, असे ते स्वतःहून विचारू लागतात.